त्र्याहत्तर चुलींचं पाणी

पोलादपूर सोडून आंबेनळीचा घाट चढायला लागलं की एका वळणावर कच्चा रस्ता फुटतो. पाटी नाही, थांबा नाही. जीपवाल्याला 'टाक्याची वाडी' म्हणून सांगावं लागतं, आणि तो लगेच तोंड वाकडं करतो, कारण पुढची तीन वळणं त्याच्या गाडीच्या जिवावर उठणारी आहेत. वाडीचं नाव ज्यावरून पडलं ते टाकं वाडीच्या खालच्या अंगाला, कातळात कोरलेलं आहे. डोंगरातून बोटाएवढी धार त्यात उतरते. ती पावसाळ्यात ओसंडून वाहते आणि उन्हाळ्यात मुकाट रडते.

ही वाडी चार भावांनी वसवली, म्हणजे चार चुली. वाडीतला जाणता म्हातारा हैबती, त्याच्या आजोबांच्या काळात अकरा झाल्या. आता गावकीच्या वहीत त्र्याहत्तर आहेत. माणसं वाढली हे खरंच, पण माणसांपेक्षा चुली जास्त वाढल्या. दोन भावांचं पटलं नाही, चूल वेगळी. सासू-सुनेचं वाजलं, चूल वेगळी. सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असलं तरी रेशनकार्डासाठी चूल वेगळी. यातल्या चोपन्न चुली वर्षाचे अकरा महिने थंडच असतात. त्यांची माणसं मुंबईला, कुणी दिव्याला, कुणी नालासोपाऱ्याला, दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ, नऊ-नऊ जण. तिथं पाय पसरायला जागा नाही म्हणून मे महिना लागला की सगळे वाडीला येतात, आणि सेहेचाळीस माणसांची वाडी आठवड्याभरात चारशेच्या घरात जाते.

या वाडीची गंमत अशी की दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एक साहेब आले, माणसं मोजली आणि म्हणाले, एवढ्याशा लोकसंख्येसाठी नळाची योजना बसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दुसरे साहेब आले, ओट्यांवर गर्दी बघितली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, लोकसंख्या एवढी वाढवून ठेवलीत, पाणी पुरणार कसं? दोघेही ताक पिऊन गेले. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचाही काही उपयोग नव्हता.

म्हणून वाडीनं आपला कायदा आपणच केला होता. शिमगा झाला की टाक्याला पाळी लागायची. एका चुलीला रोज दोन हंडे, ना कमी ना जास्त. मेमध्ये टाक्यात दिवसरात्र मिळून दीडशे हंडे पाणी जमतं. त्र्याहत्तर दुणे एकशे सेहेचाळीस, उरलेले चार देवीला. या पाळीवर बसायचं मानाचं काम बनुबाईच्या घराकडे होतं. आधी सासरे बसायचे, मग नवरा, आणि नवरा गेल्यापासून ती स्वतः. बनुबाई साठीला टेकलेली, अंगानं काटकुळी आणि बोलायला तिखट. पहाटे साडेचारला टाक्यावर जाऊन बसायची ती दहाला उठायची. तिच्या नजरेखालून अर्धा तांब्या जास्त नेण्याची कुणाची छाती नव्हती.

या कायद्यात एक खोट होती आणि ती बनुबाईला रोज टोचायची. पांडूच्या घरानं वाटणी केली नव्हती. तीन भाऊ, त्यांची बायकापोरं, म्हातारी जानकीबाई, अशी सतरा माणसं एका चुलीवर जेवायची. त्यांना दोन हंडे. शेजारी हैबतीच्या चार मुलांच्या चार चुली, माणसं सगळी मिळून पंधरा. त्यांना आठ हंडे. जे एकत्र राहिले ते तहानेनं मेले आणि जे भांडले त्यांची चांदी झाली. जानकीबाई रोज दोन हंडे घेऊन निघताना टाक्याकडे एकदा वळून बघायची, आणि बनुबाई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

तर अशा या वाडीत बनुबाईच्या धाकट्या मुलीचं, श्रुतिकाचं, लग्न ठरलं. श्रुतिका महाडला एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला होती. नवरा मुलगा मंगेश हिरकणीवाडीचा, रायगडावर येणाऱ्या पाहुण्यांना गड दाखवणारा, हसतमुख. तारीख धरली बावीस मे. हिरकणीवाडीहून दोनशे माणूस येणार होतं. आणि बनुबाईनं ठरवलं होतं की लग्न दारात होईल, अंगणात मांडव घालून.

यात अडचण एकच होती. वाडीत लग्न करायला गावकीची मनाई होती. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात टाकं तळाला गेलं, वऱ्हाडाला हात धुवायला पाणी मिळालं नाही, आणि त्यांनी जाताना जे ऐकवलं ते वाडी अजून विसरलेली नाही. त्यानंतर एकदा मुंबईच्या मंडळानं पाण्याचा टँकर आणायचा प्रयोगही केला. तो दुसऱ्या वळणावर अडकला. मागेही येईना आणि पुढेही जाईना, तेव्हा वजन हलकं करायला त्यानं सगळं पाणी दरीत सोडलं. पुढच्या वळणावर वाडीची माणसं हंडे घेऊन उभी होती आणि पाणी दरीत कोसळताना बघत होती. तेव्हापासून लग्नं पोलादपूरच्या नाहीतर मुंबईच्या हॉलमध्ये.

बनुबाईची थोरली, सेजल, अशीच नालासोपाऱ्याच्या हॉलमधून सासरी गेली. चार तासांसाठी घेतलेला हॉल. बाहेर पुढचं वऱ्हाड बँड घेऊन उभं. गाडीत जागा नव्हती म्हणून वाडीतल्या बायकांपैकी तिघीच जाऊ शकल्या. ज्यांनी सेजलला कडेवर घेऊन वाढवलं, तिचं नाक पुसलं, तिला पहिलं नऊवारी नेसवलं, त्यांनी तिची हळद बघितली ती मोबाइलच्या काचेवर. बनुबाई स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून राहिली. आठ वर्षं झाली तरी तिच्या मनातून ते जात नव्हतं. दुसऱ्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

मुंबईकर आले आणि देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे चुलीमागे एक माणूस, मध्ये हैबती. हैबती नात्यानं बनुबाईचा मोठा दीर, सत्तरीचा, शब्दाला पक्का आणि बदलाला नाखूश. त्याच्या शेजारी मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी राजेश, हातात मोबाइल. बनुबाईनं उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. कुणी नाही म्हणेना आणि कुणी हो म्हणेना. राजेशनं पोलादपूरचा हॉल अजून मोकळा असल्याचं सांगितलं आणि काकींनी जरा प्रॅक्टिकल विचार करावा असं सुचवलं. शेवटी हैबती बोलला.

"आडात नाय तर पोहऱ्यात कुठनं येनार, बनुबाय? तू तर टाक्यावर बसतेस. तुला मी काय सांगू? सहाशे मानसांचं पानी दाखव, मग मांडव घाल. रविवारपर्यंत थांबतो. नायतर राजेश हॉल सांगून टाकंल."

तो दिवस बुधवार होता. घरी आल्यावर श्रुतिकानंच आईची समजूत घातली. हॉल तर हॉल, मंगेशच्या घरच्यांची काही हरकत नाही, उगाच वाडीशी वाकडं कशाला घ्यायचं? बनुबाईनं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या थापत राहिली. मुलीचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मुलीलाही ठाऊक होतं.

गुरुवारी बनुबाईनं एक वेगळी गोष्ट केली. पहाटे टाक्यावर, लग्नासाठी माहेरी आलेल्या सेजलला बसवलं आणि स्वतः हैबतीच्या दारी निघाली. चारचौघांत जे बोलता येत नाही ते एकट्यात बोलावं, हातापाया पडावं, असा तिचा विचार होता. बारा वर्षांत त्या वेळेला ती वाडीतून चालली नव्हती. त्या वेळेला ती नेहमी खाली टाक्यावर असायची, वाडीकडे पाठ करून. उजाडत होतं. पहिल्याच घरातून एक सून बाहेर आली, तिनं हंडा अंगणाच्या कडेला पालथा केला, चिंचेनं खळाखळा घासला आणि कमरेवर घेऊन टाक्याकडे निघाली. पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरात तिघीजणी ओळीनं तेच करत होत्या. बनुबाई मध्येच उभी राहिली.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. रात्रीचं उरलेलं पाणी शिळं. ते देवाला चालत नाही, चुलीला चालत नाही. सकाळी ओतून द्यायचं, भांडं घासायचं आणि ताजं भरायचं. आईनं शिकवलं, आईला आजीनं शिकवलं. बनुबाई स्वतः रोज तेच करायची. त्या सकाळीही अर्धी कळशी तिनं दारच्या अबोलीला ओतली होती. चार चुली होत्या आणि टाकं ओसंडत होतं तेव्हा त्या रीतीत काही वाईट नव्हतं. पण आता चुली त्र्याहत्तर झाल्या होत्या, आणि दोन माणसांच्या चुलीला दोन हंडे कशाला पुरे संपतील? कायद्यानं मिळतंय म्हणून न्यायचं, आणि शिळं झालं म्हणून सांडायचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बनुबाई स्वतःशीच पुटपुटली. बारा वर्षं मी टाक्याच्या तोंडाशी बसून तांब्या-तांब्या मोजला, आणि माझ्या पाठीमागे वाडी रोज सकाळी हंडे पालथे करत होती. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. हैबतीच्या दारी न जाता ती माघारी फिरली.

शुक्रवारी पहाटे टाक्याच्या वाटेवर, वडाच्या पाराजवळ, तिनं आणि सेजलनं तीन निळी पिंपं मांडली. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. येणाऱ्या प्रत्येकीला तिनं एकच सांगितलं होतं, शिळं पाणी घरी ओतू नका, इथं आणून ओता, मग ताजं न्या. पण आदल्या दिवशी सांगितलेलं आणि सकाळी करायचं यात फरक असतो. पहिल्या पाच-सहा जणी आल्या त्या हंडे घरीच रिकामे करून. एकीनं तर तोंडावर सांगितलं की शिळं पाणी गोळा करून लग्न लावायचं हे कुठं ऐकलं नाही. दुसरीनं मान डोलवली. पिंपं कोरडीच राहिली.

तेवढ्यात जानकीबाई आली. सतरा माणसांच्या घरची म्हातारी, दोन्ही हातांत दोन हंडे. ती पिंपापाशी थांबली आणि तिनं हंडे उलटे करून दाखवले. त्यातून थेंबही पडला नाही.

"माज्या घरात पानी शिळं व्हायला उरतच नाय गो," ती म्हणाली. "तुमच्याकडं उरतं व्हय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. पण ते शब्द बायकांना असे लागले की कुणाला वर बघवेना. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण एका चुलीवर घशाला कोरड आणि दुसऱ्या चुलीचं पाणी उकिरड्यावर, हे असं समोरासमोर कधी आलं नव्हतं. हैबतीची दुसरी सून सगळ्यात आधी माघारी वळली. घरून अर्धा भरलेला हंडा घेऊन आली, पिंपाचं फडकं सरळ केलं आणि ओतला. मग एकामागोमाग एक रांग लागली. नऊ वाजेपर्यंत तीन पिंपं भरली, चौथं आणावं लागलं. सेजल हंड्यांचे आकडे पोरीच्या वहीत मांडत होती. सदतीस हंडे, एका सकाळचे.

बनुबाईनं रविवारची वाट बघितली नाही. त्याच दुपारी तिनं गावकी बोलावली आणि देवळात नव्हे, वडाच्या पारावर, पिंपांच्या शेजारी बसवली. आकडा ऐकून पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या घरात सकाळी काय ओतलं जातं हे त्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. राजेशनं मोबाइलवर गुणाकार केला, पुन्हा एकदा केला, आणि तोंडातल्या तोंडात 'बाप रे' म्हणाला. बनुबाईनं पुढचं सांगितलं. आठ दिवस असं पाणी साठवायचं. पिंपं मुंबईकरांनी द्यायची, दर घराच्या पडवीत एक तरी आहेच. आणि हळदीपासून वरातीपर्यंत त्र्याहत्तर चुली बंद, सगळ्यांचं जेवण एका मांडवात, भांडी एकाच ठिकाणी घासली जातील. चारशे माणसांचा स्वयंपाक एका जागी केला तर त्र्याहत्तर स्वयंपाकघरांच्या निम्म्यानंसुद्धा पाणी लागत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

हैबतीनं काठीवर टेकवलेली हनुवटी वर केली.

"समदं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन शिळ्या पान्यावर लगीन लावायचं? पाव्हण्यांच्या पानात शिळ्या पान्याचा भात? देवीला काय सांगू?"

या एका प्रश्नावर सगळं अडकलं होतं. बनुबाईनं पिंपाचं फडकं सोडलं, तांब्या भरला आणि हैबतीच्या समोर धरला.

"भावजी, हे पानी डोंगराच्या पोटात किती वर्सं पडून हाय, सांगा. बापजाद्यांच्या आधीपासनं. तिथं ते शिळं झालं नाय, टाक्यात रातभर साठतं तवा शिळं झालं नाय, आन आपल्या हंड्यात एका रातीत शिळं झालं? पान्याला काय ठावं हंडा कुनाचा?"

हैबतीनं तिच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग त्यानं तांब्या घेतला, वर धरून घटाघटा प्यायला आणि मिशा पुसल्या. म्हाताऱ्याला उत्तर सापडत नसलं की तो खोटं उत्तर देत नसे, ही त्याची मोठी गोष्ट होती.

"टाक्याचंच हाय," तो म्हणाला. "घाला मांडव."

पुढे तो जे बोलला ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लग्न होईपर्यंत पाळी चुलीवर नको, डोक्यावर लावा, असं त्यानं सांगितलं. ज्या घरात जितकी माणसं तितकं पाणी. माझ्या चार पोरांना आठ हंडे आणि पांडूच्या घराला दोन, हे मी बघत होतो आणि गप्प बसलो होतो, कारण फायदा माझ्या घराचा होता. एवढं बोलून तो उठला आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता घरी गेला. त्याची चारही पोरं तिथंच बसलेली होती. संध्याकाळी चौघांच्या घरची चार पिंपं पारावर आली.

गाव करील ते राव काय करील म्हणतात ते पुढच्या आठ दिवसांत दिसलं. दिव्यात आणि नालासोपाऱ्यात एका पिंपभर पाण्यात दिवस काढणाऱ्या बायका गावी आल्या की हात सैल सोडायच्या. आता त्यांचं मुंबईचं शहाणपण वाडीच्या कामी आलं. भाजी धुतलेलं पाणी गुरांना, तांदूळ धुतलेलं पाणी पुन्हा भांड्यांना, हात धुवायला नळाची तोटी लावलेला डबा, म्हणजे एका माणसाला एक ओंजळ. राजेशनं मंडळाची पोरं लावून पारापासून मांडवापर्यंत पाइप टाकला. त्यासाठी त्यानं मीटिंग घेतली नाही, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. एकवीस तारखेला पारावर बावीस पिंपं काठोकाठ भरून उभी होती. बनुबाई त्यांच्यामधून फिरताना प्रत्येकाला हात लावत होती. इतकं पाणी तिनं मे महिन्यात उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

हळदीला वाडीतली एकूण एक बाई आली. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना हात धरून आणलं. जात्याला हळकुंड बांधलं, ओव्या सुरू झाल्या, आणि वाडीभरच्या हातांनी श्रुतिकाला हळद लागली. पोरगी गालापासून घोट्यापर्यंत पिवळी झाली, हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला उठवल्यावर जानकीबाई मागे वळली आणि तिनं दाराशी उभ्या असलेल्या सेजलचा दंड धरला. सेजल म्हणजे दोन पोरांची आई, ताटं मोजायला आलेली. तिला काय होतंय ते कळायच्या आत बायकांनी पाटावर बसवलं.

"तुजी हळद आमच्या हातनं राह्यली हाय," जानकीबाई म्हणाली. "बस गपचिप."

आठ वर्षांपूर्वी राहिलेली हळद त्या दुपारी लागली. सेजल आधी हसली, मग आईच्या पोटाशी तोंड घालून पोरासारखी रडली. बनुबाईनं तिला रडू दिलं. स्वतः ती रडली नाही. तिला इतका आनंद झाला होता की रडायचं सुचलंच नाही.

बावीस तारखेला हिरकणीवाडीचं वऱ्हाड आलं ते सावधच आलं. टाक्याच्या वाडीची कीर्ती त्यांनीही ऐकली होती. काही शहाण्यांनी पाण्याच्या बाटल्यांची खोकी जीपमध्ये आणली होती. मंगेशच्या वडिलांनी, महिपतरावांनी, मांडवात शिरण्याआधी हळूच विचारूनही घेतलं की पाण्याची काही मदत हवी आहे का. हैबतीनं त्यांना हात धरून पारावर नेलं आणि पिंपं दाखवली. छाती अशी काढली होती की जणू डोंगर त्यानंच पिळला होता. अक्षता पडल्या. पाच पंगती उठल्या. सहाशे माणूस जेवलं, पुन्हा मागून भात घेतला, हात धुतले, गार पाणी प्यायलं. बाटल्यांची खोकी फोडायला कुणाला सवड झाली नाही. ती तशीच हिरकणीवाडीला परत गेली.

शेवटची पंगत उठल्यावर बनुबाई पारावर गेली. सहा पिंपं अजून भरलेली होती. तिनं फडकी पुन्हा बांधली आणि क्षणभर तिथंच टेकली.

आता फक्त मुलीला निरोप द्यायचा होता. जीप खाली रस्त्यावर उभी होती आणि तिथवर नवरीनं वाडीतून चालत जायचं होतं. टाक्याच्या वाडीत नवरी निघाली की वाटेवरच्या प्रत्येक उंबऱ्यावरून तिच्या पायांवर पाणी घालायची रीत होती. वाडीतून नवरी निघालीच नव्हती, त्यामुळे ती रीत नऊ वर्षांत कुणी बघितली नव्हती. बनुबाईला ती आठवत होती. पण तिनं ती आपल्या नियोजनातून मुद्दाम काढून टाकली होती. त्र्याहत्तर दारं, त्र्याहत्तर तांबे, म्हणजे पाच हंडे पाणी मातीत. तिनं श्रुतिकाला सांगून ठेवलं होतं, सरळ चालत राहा, कुठं थांबू नकोस.

पहिलंच दार हैबतीचं. तिथं त्याच्या चारही सुना उभ्या होत्या, आणि चौघींनी मिळून एक घागर धरली होती, तांब्या नव्हे. श्रुतिका थांबली. चौघींनी घागर वाकडी केली आणि पाणी तिच्या हळदीच्या पायांवरून, पैंजणांवरून, तापलेल्या मातीवर पसरलं. पुढच्या दारात जानकीबाई पांडूच्या सगळ्या गोतावळ्याला घेऊन उभी होती. तिच्या हातातला हंडा भरलेला होता. त्याच्या पुढे मुंबईकरांची दारं, अकरा महिने कुलूप असणारी, आणि प्रत्येक दारात कुणीतरी कळशी, तांब्या, बादली, हाताला येईल ते घेऊन उभं होतं. श्रुतिका एकेका दारात थांबत होती, मंगेश तिच्याबरोबर भिजत होता आणि हसत होता.

बनुबाई मागून येत होती. सवयीनं तिचा हात वर झाला, तोंड उघडलं, थोडं घाला गो, असं म्हणायला. शेजारून चालणाऱ्या हैबतीनं तो हात खाली केला.

"आजच्या दिस मोजू नको, बनुबाय," तो म्हणाला.

तिनं हात खाली सोडला. मे महिन्यातल्या भर उन्हात पाण्याचा ओघळ वाटेवरून खाली चालला होता, आणि त्याच्या काठानं पोरं नाचत होती. बनुबाईनं चपला काढून हातात घेतल्या आणि मुलीच्या मागोमाग त्या ओल्या मातीतून चालत राहिली. जीपपाशी पोचली तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते, आणि वाटेत किती तांबे रिकामे झाले ते तिला सांगता आलं नसतं.